रुग्ण हलला

बसच्या रांगेत तिच्या पुढे उभा असलेला माणूस मोबाइल बघायला खाली वाकला आणि त्याच्या कॉलरीच्या वर, मानेच्या मुळाशी, एक हाड उचलून आले. झाले ते एवढेच. सकाळचे साडेआठ वाजून गेले होते, रांगेत पंधरा-सोळा माणसे होती, कुणी कुणाकडे बघत नव्हते. मान वाकवली की सातव्या मणक्याचे मागचे टोक असे वर येतेच. मानेच्या सगळ्या मणक्यांत ते लांब, म्हणून तेच कातडीखालून ठळकपणे हाताला लागते. तिला ह्याचे नवल वाटायचे काही कारण नव्हते. अठ्ठावीस वर्षे ती एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढत होती, आणि त्यांतही मानेचे फोटो तिच्याकडेच यायचे, कारण ते कटकटीचे असतात आणि कटकटीचे काम नेहमी जुन्या माणसाच्या गळ्यात पडते. ‘माना काढणे’ असेच त्या कामाला विभागात म्हणत. ‘आज किती माना काढल्यास?’ असे तिचा नवरा संध्याकाळी दार उघडताना विचारी, आणि एकदा ते ऐकून जिन्यातला पाहुणा दोन पायऱ्या खाली उतरला होता. तर अशी ती, माना बघून बघून नजर बोथट झालेली बाई, एका परक्या माणसाचे ते सुपारीएवढे हाड बघून जागच्या जागी थिजली. कालच्या रंगाऱ्याच्या फोटोत हे हाड नव्हते.

नव्हते म्हणजे त्याच्या मानेत होतेच. फोटोत आले नव्हते. तिने डोळे मिटले आणि कालचे चित्र पुन्हा समोर आणले. पहिला मणका, नुसते कडे, मधे पोकळ, डोक्याचा सगळा भार दोन बशांवर झेलणारा. दुसरा, त्याचा खुंट पहिल्याच्या कड्यात खालून घुसलेला. माणूस ‘नाही’ म्हणतो तेव्हा ह्या खुंटाभोवती डोके फिरते, आणि ‘हो’ म्हणतो ते त्याच्या वरच्या सांध्यात, कवटी आणि पहिला मणका ह्यांच्यामधे. मग तिसरा, चौथा, पाचवा, ही तिळी भावंडे, सुटी करून टेबलावर टाकली तर भल्याभल्यांची भंबेरी उडते. सहावा. आणि सहाव्याच्या खाली खांद्यांचे पांढरे धुके. रांग पुढे सरकली, मागच्या बाईने ‘चला ना हो’ म्हटले, तिने पाऊल टाकले आणि पुन्हा वरून मोजायला घेतले. सहाच. शिकत असताना त्यांना एक मास्तर होते, ते म्हणत, ‘जिराफाच्या मानेत सात, उंदराच्या मानेत सात, तुमच्याही मानेत सात. फोटोत सहा दिसले तर तुम्ही मान काढलीच नाही, खांदे काढले.’ हे ते इतक्यांदा म्हणत की पोरांनी त्यांचे नाव सातमास्तर पाडले होते. जाड मानेच्या, भरल्या खांद्यांच्या माणसाचा सातवा मणका खांद्यांआड दडून बसतो. मग त्याच्या दोन्ही हातांत वजन द्यायचे, खांदे खाली ओढायचे. तरीही नाही दिसला तर एक हात डोक्यावर घ्यायला लावून, पोहणारा घेतो तसा, आणखी एक फोटो काढायचा. तिला हे झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. काल ती जागी होती, एवढाच काय तो फरक.

बस आली, बसायला जागा मिळाली नाही. वरच्या दांडीला हात लावला की तिच्या उजव्या खांद्यातून कानामागे कळ जायची, म्हणून ती डाव्या हाताने सीटची कड धरून उभी राहिली. शिशाचा एप्रन अठ्ठावीस वर्षे खांद्यावर घेतल्याचे ते बक्षीस. काल संध्याकाळी नवऱ्याने मलम चोळून दिले होते. तो कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, हात खरखरीत, पण चोळतो छान. चोळताना तो मणके मोजतो, ही त्याची जुनी थट्टा. ‘पहिले दोन काही सापडत नाहीत बुवा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, हा बघ सातवा, इथंच दुखतं ना?’ ‘इथंच,’ ती म्हणाली होती आणि तिचे डोळे मिटायला लागले होते. म्हणजे तिच्या स्वतःच्या सातव्या मणक्यावर नवऱ्याचे बोट होते, त्याच्या तोंडी सातचा आकडा होता, आणि तरीही तिच्या डोक्यात रंगाऱ्याचा विचारसुद्धा आला नव्हता. तिला आता स्वतःची किळस आली. ‘गादीवर नीट झोप गं, उशी नको घेऊस,’ असे तो म्हणाला होता आणि ती उशी घेऊन झोपली होती.

रंगारी काल संध्याकाळी पाच वाजता आला. त्या दिवसातला एकेचाळिसावा. रंगकामाच्या घोडीवरून पडला होता, सकाळी पडला आणि दुपारी मान वळेना म्हणून बायकोने ओढत आणले. बुटका, रुंद, मान म्हणजे खांद्यांवर डोके नुसते ठेवलेले. केसांत, भुवयांत फिकट पिवळ्या रंगाचे ठिपके. तिने त्याला कडेच्या फोटोसाठी बाजूने उभे केले, खांदा पाटीला लावला, हनुवटी जरा वर करायला सांगितली. वाळूच्या दोन पिशव्या असतात, हातात धरायच्या. त्यांतली एक गेल्या महिन्यात फुटली, आणि उरलेली मामांनी, म्हणजे विभागाच्या शिपायांनी, दार आपोआप लागते म्हणून दाराला टेकू दिली होती. ती पिशवी चार पावलांवर होती. ‘खांदे खाली सोडा,’ असे ती नुसते म्हणाली. रंगाऱ्याने खांदे सोडले, पण असल्या खांद्यांना सोडायला जागा कुठे असते? ‘बाई,’ तो तसाच समोर बघत म्हणाला, ‘ह्या दोन बोटांना दुपारपास्नं मुंग्या येतायत,’ आणि त्याने उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट हलवून दाखवले. ‘डॉक्टरांना सांगा,’ ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणायची. एक्स-रेवाल्याने रुग्णाला काही सांगायचे नसते आणि त्याचे काही ऐकूनही घ्यायचे नसते, असा दंडकच आहे, आणि तो सोयीचा आहे. मग शिशाच्या काचेमागे जाऊन: हलू नका. श्वास रोखा. सोडा. चित्र आले. तिने बघितले. धुके तिला दिसले होते. हे तिला आता बसमध्ये अगदी स्वच्छ आठवले, आणि ते आठवायला नको होते. तिला दिसले होते, आणि तिच्या मनात आले होते की आणखी एक काढायला हवा, आणि त्याच्या पाठोपाठ मनात आले होते की बाहेर अजून सात माणसे आहेत आणि आपल्याला बसायचे आहे. नुसते दोन मिनिटे खुर्चीवर बसायचे आहे. तिने बटण दाबून चित्र पुढे पाठवून दिले. पाट्या टाकणे म्हणतात ते हेच, आणि तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ह्याच शब्दाने नावे ठेवली होती.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट. तिला हे कुणी शिकवायला नको होते, तिच्या घरातच ते घडले होते. बाबा घड्याळजी होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचे टेबल, डोळ्यात भिंग, आणि दिवसाचे दहा तास मान छातीशी. शाळेतून आली की तिला बाबांचा चेहरा आधी कधी दिसलाच नाही, दिसायची ती मागून मान, आणि मानेच्या मुळाशी वर आलेले ते हाड. ते ‘बाबांचे बटण’ होते. ती हळूच मागे जाऊन बोटाने दाबायची, आणि बाबा मान वर न करता, भिंग न काढता, ‘ठण! साडेपाच वाजले, एका मुलीला भूक लागली!’ असे ओरडायचे. रोज हेच, आणि रोज तिला हसू यायचे. पुढे बाबांच्या हातून स्क्रू पडायला लागले. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू ते, एक पडला की बाबा आणि ती दोघे जमिनीवर रांगत शोधायचे. करंगळीच्या बाजूने हात बधिर व्हायचा. आई म्हणाली डोळे गेले, शेजारी म्हणाले वय झाले, एक दीडशहाणा म्हणाला की घड्याळजीचा हात थरथरतो म्हणजे काय ते समजून घ्या. बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. ते कुणाला काही बोलले नाहीत, आपल्याच उजव्या हाताला बोलायचे. ‘हरामखोरा,’ म्हणायचे, ‘आयत्या वेळी दगा देतोस.’ कधी कधी तो हात टेबलावर आपटायचे. मग त्यांनी टेबल विकून टाकले.

ती एक्स-रे शिकायला लागल्यावर एका सुट्टीच्या दिवशी सातमास्तरांची परवानगी काढून बाबांना घेऊन गेली. दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या दिल्या. पहिल्यांदा सहाच आले. दुसऱ्यांदा तिने स्वतः बाबांचे खांदे हलकेच दाबून दाखवले, ‘इथपर्यंत, बाबा, आणि असेच राहा,’ आणि आला, सातवा आला, आणि त्याच्या खालच्या मणक्याची कडही आली. दोन मणक्यांच्या मधली गादी झिजून संपली होती, मागच्या सांध्याला हाडाचे काटे फुटले होते, आणि जिथून हाताची शीर बाहेर पडते ते भोक चिंचोळे होऊन बसले होते. तेव्हा फिल्म असायची. ती घरी आणून तिने खिडकीच्या उजेडात धरली आणि बाबांना सगळे दाखवले, पेन्सिलीच्या टोकाने, जसे ते तिला लहानपणी घड्याळाचे पोट उघडून दाखवायचे तसे. बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे हाताचा काही दोष नव्हता?’ ‘नव्हता, बाबा.’ ‘आणि मी इतकी वर्षं त्याला शिव्या दिल्या.’ आणि त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत बसले. त्या दिवशी तिला वाटले होते की ह्यापेक्षा मोठे काम जगात दुसरे नाही. कुणाच्या डोक्यावरचा खोटा दोष उतरवून ठेवणे. मग अठ्ठावीस वर्षे गेली. ते वाटणे नेमके कोणत्या वर्षी गेले हे तिला आठवत नव्हते. ते एका दिवशी जात नाही, हे मात्र तिला आज कळले.

विभागात मामा दाराला वाळूची पिशवी लावून केर काढत होते. ‘आज लवकरशा?’ ते म्हणाले. तिने पर्स न काढता कॉम्प्युटर चालू केला आणि कालचे चित्र उघडले. माणसाला शेवटपर्यंत आशा असते. पडद्यावर पेनाचे टोक ठेवून ती मोजत खाली आली, आणि सहाव्यापाशी पेन थांबले. खाली धुके. शेजारच्या चौकटीत रिपोर्ट होता: हाडाला इजा दिसत नाही. हा रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना विभागात ‘दिसतनाही साहेब’ म्हणत; ते दिवसाला शंभर फोटो वाचत आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. तिने त्यांच्या खोलीचे दार ढकलले. ते चष्मा पुसत बसले होते.

‘साहेब, कालच्या रंगाऱ्याच्या मानेत सातवा आलेला नाही.’

त्यांनी चित्र उघडले, बघितले, खुर्ची जरा मागे घेतली. ‘मी दिसलं ते लिहिलं, बाई. इजा दिसत नाही असं लिहिलंय. इजा नाही, असं कुठं लिहिलंय?’

‘त्याच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या.’

‘कागदावर नाही तसं काही.’

‘मला सांगितलं होतं त्यानं.’

‘मग तुम्ही कुणाला सांगितलंत?’

‘कुणालाच नाही.’

साहेबांनी चष्मा टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम थकलेले, कुणाच्या तरी काकांसारखे दिसले. ‘घरी गेलाय ना तो? मग हालचाल न करता आणायला हवा. मानेला पट्टा घालून, आडवा. मी खाली सांगून गाडी काढायला लावतो,’ ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने, ‘आणि हे बघा, मनाला लावून घेऊ नका. वहीत लिहून टाका, रुग्ण हलला. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन.’ ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

वही म्हणजे परत काढलेल्या फोटोंची वही. एकच फोटो दुसऱ्यांदा काढायचा तर त्यात कारण लिहावे लागते, आणि अठ्ठावीस वर्षांत तिथे एकच कारण लिहिले गेले होते. मशीन बिघडले म्हटले तर वरून विचारणा येते, आपले चुकले म्हटले तर मेमो येतो. रुग्ण हलला म्हटले तर काहीच येत नाही. रुग्ण काय, हलतोच. तिने ती वही उघडली. पानाच्या वर ‘रुग्ण हलला’ आणि खाली ओळीने ‘कित्ता’, ‘कित्ता’, ‘कित्ता’, निम्मे अक्षर तिचे. कितीतरी माणसे ह्या वहीत हलली होती. प्लास्टरमधली, लकवा झालेली, एक तर बेशुद्ध माणूससुद्धा ह्या वहीत हलला होता. आणि वही राहू द्या, तोंडावरही तेच. ‘हललात तुम्ही, आता परत उभे राहा,’ असे ती लोकांना खेकसून सांगायची, आणि ती बिचारी ओशाळून ‘हो का? चुकलं हं,’ म्हणायची. म्हातारी माणसे तर हात जोडायची. तिने वही मिटली आणि केसपेपरवरचा नंबर फिरवला.

फोन बायकोने घेतला. ‘ते कामावर गेले की. तुम्हीच म्हणालात ना काही नाही म्हणून? फोन माझ्याकडेच असतो, त्यांचे हात रंगाचे असतात.’ काम कुठे आहे म्हटल्यावर तिने सांगितले, पुलापलीकडच्या शाळेत, वरच्या मजल्यावर, सुट्टी संपायच्या आत वर्ग रंगवून द्यायचेत. मग तिचा आवाज बदलला. ‘का हो बाई? काय निघालं का?’

‘फोटो परत काढायचाय.’

‘हलले ना ते? मला वाटलंच. एका जागी म्हणून नीट उभे राहत नाहीत कधी. थांबा, येऊ देत घरी, बघतेच त्यांच्याकडे.’

इथे एक वाक्य बोलायचे होते. ते तिच्या जिभेवर आले, आणि तोंडातून जे बाहेर पडले ते असे, ‘डॉक्टर सांगतील.’ आणि तिने फोन ठेवला. मामा झाडू हातात धरून तिच्याकडे बघत होते. तिने कपाटातून मानेचा पट्टा घेतला, ‘गाडी पुलापलीकडच्या शाळेत पाठवायला सांगा, मी पुढं जाते,’ असे त्यांना म्हणाली, आणि जाताना दाराला लावलेली वाळूची पिशवी उचलून मशीनपाशी नेऊन ठेवली. निरोप द्यायला निघालेल्या मामांच्या पाठीमागे दार धाडकन लागले.

शाळा पंधरा मिनिटांच्या अंतरावर होती. ती पळाली नाही, पळण्याइतका दम तिच्यात राहिला नव्हता, पण भराभर चालली. पुलावर समोरून येणाऱ्या माणसांच्या तिला फक्त माना दिसत होत्या, वळणाऱ्या, वाकणाऱ्या, एका बाईची बाळाला खांद्यावर घेऊन तिरकी झालेली. कसे बेफिकीर फिरवतात लोक. सात बारकी हाडे, त्यांच्यामधे चकत्या, मागे दोन्ही बाजूंनी एकावर एक कौलांसारखे बसलेले सांधे, आणि मधल्या बोगद्यातून सगळा माणूस खाली जातो, त्याचा श्वास, त्याचे हात, त्याचे चालणे. एक सांधा जरा सरकला असेल, अगदी अर्ध्या नखाएवढा, तर माणूस त्यावर दिवसभर काम करू शकतो, घरी जाऊन जेवू शकतो, आणि कुणी हाक मारली म्हणून वळतो आणि संपतो. किंवा काहीच होत नाही. मुंग्या येतात आणि जातात. तेही होते, तसेच जास्त वेळा होते. तसेच असेल, असे तिने मनात म्हटले, आणि मग तिच्या लक्षात आले की ती हे रंगाऱ्यासाठी म्हणत नव्हती. तसे निघाले तर मेमो नाही, चौकशी नाही, दोन वर्षांनी सुखाने निवृत्ती. त्याच्या हातांच्या आधी तिला आपले निवृत्त होणे आठवले होते. बाबांना हे सांगता आले नसते. बाबा आता नव्हते म्हणून बरे, असे आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या मनात आले, आणि पुलाचा कठडा धरून ती क्षणभर उभी राहिली.

शाळेत बाके वर्गांच्या बाहेर काढून ठेवली होती. वरच्या मजल्यावर ओल्या रंगाचा वास कोंदलेला. तिसऱ्या वर्गाचे दार उघडे होते आणि आत तो होता. दोन घोड्यांवर फळी टाकलेली, तिच्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा, डोके अगदी छताजवळ. रोलर डाव्या हातात होता. उजवा हात मांडीपाशी नुसता लोंबत होता. बनियनच्या गळ्याच्या वर ती जाड मान तिला दिसली, आणि तो रोलर खाली आणताना मान वाकली तेव्हा मानेच्या मुळाशी हाड वर आले. असतेच ते. ती दारात थांबली आणि तिच्या लक्षात आले की आता हाक मारायची सोय नाही. हाक मारली की माणूस मागे वळून बघतो, आणि तेही एका पायावर जोर देऊन. समोर जाऊन उभे राहावे तर समोर भिंत. पावलांचा आवाज झाला तरी तो वळेल. फळीवर उभ्या असलेल्या माणसाशी पाठीमागून असे काय बोलायचे की तो वळणार नाही? खाली रस्त्यावर एक मोटार हॉर्न वाजवत गेली, आणि रंगाऱ्याचे डोके खिडकीच्या बाजूला जरासे फिरायला लागले.

‘हलू नका.’

तिने ते ठरवून म्हटले नाही. शिशाच्या काचेमागून अठ्ठावीस वर्षे निघत होता तोच आवाज निघाला, सपाट, मोठा, ना रागाचा ना लोभाचा. आणि रंगाऱ्याचे डोके जिथे होते तिथे थांबले. रोलर भिंतीवर थांबला, त्याच्याखाली रंगाचा एक ओघळ सुटला. ‘श्वास रोखा,’ तिच्या तोंडून सवयीने पुढचे आले, आणि तिला दिसले की त्याने खरोखरच श्वास रोखला आहे. ती तीन-चार पावलांत फळीपाशी पोहोचली. ‘सोडा.’

त्याने श्वास सोडला. ‘कोण?’ तो भिंतीला म्हणाला. ‘एक्स-रेवाल्या बाई?’

‘हो. मागं बघू नका. वर नाही, खाली नाही, समोरच बघा. रोलर सोडून द्या. पडू दे. आता भिंतीला हात लावा आणि गुडघे वाकवून आहात तिथंच बसा. मान तशीच ठेवा. घाई नाही.’

तो बसला. तिने बाहेरून एक बाक ओढून आणले, त्यावर चढली, आणि मागून त्याचे डोके दोन्ही तळहातांमध्ये धरले. हात गालांवर, बोटे कानांच्या मागे. पट्टा एकटीने घालता येत नाही, एकाने डोके धरावे लागते आणि दुसऱ्याने घालावा लागतो, हे तिला माहीत होते, तरी ती एकटीच आली होती. आता गाडी येईपर्यंत असेच. ‘उजव्या हाताची बोटं हलवा बघू,’ ती म्हणाली. तीन बोटे लगेच हलली. बाकीची दोन जरा उशिरा, जरा कमी, पण हलली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर रडू आले असते. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते, हे तिने कितीदा शिकाऊ पोरांना शिकवले होते; हातात घेतले मात्र आज. तिच्या खांद्यातून कानामागे कळा जाऊ लागल्या. तिच्या करंगळीच्या टोकाखाली त्याच्या मानेची शीर ठकठक उडत होती, आणि भुवयांमधले रंगाचे ठिपके तिला कडेने दिसत होते, कालचेच, धुतले तरी न गेलेले.

तो म्हणाला, ‘परत काढायचा का फोटो?’

‘हो.’

‘हललो का मी काल?’ त्याच्या आवाजात ओशाळलेपण होते. ‘बायको आता पाठच सोडणार नाही. पण खरं सांगतो, बाई, मी अगदी खांबासारखा उभा होतो. तुम्ही म्हणालात हलू नका, तर मी पापणीसुद्धा लववली नाही. कसा काय हललो, मलाच कळत नाही.’

खाली फाटकात गाडी वळल्याचा आवाज आला. जिन्यावर लोकांची बोलणी ऐकू यायला लागली. कुणी आत यायच्या आधी बोलायला हवे होते.

‘तुम्ही नाही हललात,’ ती म्हणाली. ‘तुम्ही अगदी नीट उभे होता. सात मणके दिसायला हवे होते, सहाच आले. मला दिसलं होतं ते. मी दमले होते, म्हणून तसाच पुढं पाठवला. तुमची काही चूक नाही. वहीतही मी असंच लिहिणार आहे, आणि तुमच्या बायकोला मी स्वतः सांगणार आहे.’

तिच्या तळहातांना कळले, कवटीच्या तळाशी, पहिल्या मणक्याच्या त्या दोन बशांवर, डोके पुढे झुकायला सुरुवात होते आहे. तो मान डोलावणार होता.

‘मान नका हलवू,’ ती म्हणाली. ‘तोंडानं बोला.’

‘बरं,’ तो भिंतीला म्हणाला.